पुरणपोळी फुटते: पोळपाटापासून डाळीपर्यंत काय काय तपासायचं

पुरणपोळी लाटताना फुटली की पहिला आळ येतो हातावर. ‘लाटायची सवय नाही’ असं म्हणत पुढच्या उंड्याला (पुरण भरलेल्या गोळ्याला) जास्त पिठी लावली जाते, आणखी जपून लाटलं जातं, आणि तोही फुटतो. हाताचा दोष असतोच, पण तो क्वचितच एकटा असतो. बहुतेक वेळा पुरण आणि कणीक यांचा मऊपणा जुळलेला नसतो. पुरण घट्ट आणि पारी, म्हणजे पुरणाभोवतीचं कणकेचं आवरण, मऊ असेल तर लाटणं पुरणावर अडतं, नुसती पारी पुढे सरकते, पातळ होते आणि फाटते. पुरण सैल आणि पारी घट्ट असेल तर पारी पसरायच्या आधीच पुरण वाट मिळेल तिथून बाहेर येतं. दोन्ही एकाच वेगाने पसरली तरच पोळी कडेपर्यंत भरते आणि अखंड राहते.

म्हणून आधी लक्षण ओळखायचं, मग फुकटात आणि दोन मिनिटांत होणाऱ्या तपासण्या करायच्या, आणि डाळ-गुळापर्यंत शेवटी जायचं. पुरण परत कढईत घालणं हा मोठा खटाटोप आहे. पिठी बदलून काम होत असेल तर तो कशाला?

हे सगळं पिठीवर लाटून तव्यावर भाजायच्या नेहमीच्या पोळीबद्दल आहे. खानदेशात खापरावर होणारे मांडे हातावर मोठे करतात. त्यांची कणीक आणि हात दोन्ही वेगळे, त्यांना हे नियम लावू नका. तेलावर लाटायच्या पोळीला पिठीचा भाग सोडून बाकी बरंचसं लागू पडतं.

पुढे जिथे प्रमाण येईल तिथे हा हिशोब धरा: हरभऱ्याची डाळ २५० ग्रॅम, गूळ २२५ ते २५० ग्रॅम. यातून साधारण ६५० ते ७०० ग्रॅम पुरण होतं. पारीसाठी १५० ग्रॅम कोरडी कणीक (गव्हाचं पीठ), ५० ग्रॅम मैदा, १४० ते १५० मिली पाणी, २ मोठे चमचे तेल, चिमूटभर मीठ. मध्यम आकाराच्या ९-१० पोळ्या.

लक्षणं: फुटते नेमकी कुठे?

पहिल्या दोन पोळ्या मुद्दाम लहान करा आणि त्या कुठे आणि कधी फुटतात ते नीट बघा. फुटायची जागाच कारण सांगते.

- मधोमध, लाटणं फिरताना एक कण वर येतो आणि तिथेच भोक पडतं: पुरणात न वाटलेली डाळ किंवा गुळाचा खडा आहे.
- कडेला ‘फुस्स’ होऊन फाटते: उंडा बंद करताना आत हवा राहिली.
- वरून अखंड दिसते, पण उचलताना खालची बाजू पोळपाटालाच राहते: गाठीची जागा ओली आहे, किंवा पिठी कमी पडली.
- सगळ्या अंगावर बारीक भेगा पडतात: कणीक घट्ट आहे, मुरलेली नाही, किंवा उघडी राहून वरून सुकली.
- फुटत नाही, पण कडेला दोन बोटं नुसती कणीक आणि मध्ये पुरणाचा उंचवटा: पुरण कणकेपेक्षा घट्ट आहे.
- लाटली की आखडून मागे येते: कणकेला विश्रांती कमी पडली, किंवा पीठ फार चिवट आहे.
- पोळपाटावर उत्तम, तव्यावर मात्र फुटते, पुरण बाहेर येऊन जळतं: पुरणात पाणी जास्त, किंवा तव्याचा ताप चुकतोय.
- फुटत नाही, पण गार झाल्यावर वातड लागते: ताप मंद, भाजणं लांबलेलं, किंवा पिठी जास्त.

एकापेक्षा जास्त लक्षणं एकत्र दिसली तरी क्रम मोडू नका. वरवरची कारणं काढून टाकली की खरं कारण उघडं पडतं.

१. पिठी, पोळपाट आणि लाटायची पद्धत

पिठी तांदळाची घ्या. गव्हाचं पीठ ओल्या पारीत मुरतं, चिकट होतं आणि पोळी जड करतं. तांदळाची पिठी कोरडी राहते, पोळी तिच्यावर सरकते. पावसाळ्यातल्या सणांना, म्हणजे पोळ्याला किंवा गौरींना, पिठी दमट झालेली असते. कोरड्या कढईत दोन-तीन मिनिटं परतून गार करून वापरा. पोळी वारंवार चिकटत असेल तर पोळपाटावर पातळ सुती कापड ताणून बांधा आणि त्यावर पिठी चोळा. पोळी उचलताना हा उपाय फार उपयोगी पडतो.

उंडा पोळपाटावर ठेवला की लगेच लाटणं फिरवू नका. आधी बोटांनी दाबत दाबत तो चार-साडेचार इंचांचा करा. पुरण कडेपर्यंत पोचवायचं काम बोटांचं आहे, लाटण्याचं नाही. मग हलक्या हाताने, मध्यावर जोर न देता, कडेच्या दिशेने लाटा. लाटणं एकाच जागी पुन्हा पुन्हा गेलं की तिथली पारी पातळ होते, म्हणून पोळीच थोडी थोडी फिरवत राहा. गाठीची बाजू खाली ठेवा आणि तिला वरच्या बाजूपेक्षा जास्त पिठी लावा. पोळी निम्मी लाटून झाली की ती उलटू नका.

लहान भोक पडलंच तर चिमूटभर पिठी टाकून बोटाने दाबा आणि ती जागा सोडून लाटा. अशी पोळी फाटकी बाजू वर ठेवून तव्यावर टाका. खालची बाजू पूर्ण भाजून घट्ट झाल्यावरच उलटा.

२. तवा

पोळी पोळपाटावर बरी आणि तव्यावर फुटत असेल तर पुरणाला दोष देण्याआधी तवा बघा. तव्यावर चिमूटभर पिठी टाका. ती लगेच काळी पडली तर तवा फार तापलाय, अर्धं मिनिट झालं तरी पांढरीच राहिली तर तो गार आहे. दहा-बारा सेकंदांत बदामी होऊ लागली की पोळी टाकायची. गार तव्यावर पारी सुकत राहते आणि फुगायच्या आधीच तिला भेग जाते. वातडपणाही इथूनच येतो. फार तापलेल्या तव्यावर खालची बाजू आवळते आणि आतल्या वाफेला जागा राहत नाही.

पोळी टाकल्यावर ती फुगायला लागेपर्यंत हात लावायचा नाही. नंतर एकदा उलटायची, तूप सोडायचं, हवं तर आणखी एकदा उलटायची. त्याहून जास्त उलटापालट केली की पारी थकते. उलथन्याने दाबून फुगवायची सवय फुलक्याला ठीक आहे. पुरणपोळी दाबली की पुरण सर्वात कमकुवत जागेतून निघतं.

पुरण तव्यावर सांडलं तर दुसरी पोळी तशीच टाकू नका. गुळाचा तो जळका डाग पुढच्या पोळीला धरून ठेवतो आणि उचलताना ती फाटते. ओल्या फडक्याची घडी चिमट्यात धरून तवा पुसा, मग पुढची पोळी. बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा ताप टिकवून धरतो, म्हणून त्यावर पोळी सर्वात नेमकी भाजते. नॉनस्टिकवर डाग कमी पडतात, पण ताप मध्यमच ठेवावा लागतो. परदेशात विजेच्या शेगडीवर करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की आच कमी केली तरी तवा बराच वेळ तापलेलाच राहतो, तेव्हा बटण आधीच फिरवायचं.

३. पुरण गरम आहे की गार?

गरम पुरण भरलं की पारी आतून वाफेने ओली होते आणि लाटताना सुटते. फ्रिजमधून काढलेलं पुरण दगडासारखं होतं, कारण गूळ आणि डाळ दोन्ही गारव्याने आळतात. पुरण आणि कणीक दोन्ही खोलीच्या तापमानाला हवीत. फ्रिजमधलं पुरण भरायच्या दोन तास आधी बाहेर काढून हाताने मळून घ्या. आदल्या रात्री पुरण करून ठेवणाऱ्यांची पोळी सकाळी फुटते, त्यामागे बहुधा एवढंच असतं.

४. दोन बोटांची तपासणी

बाकी काही केलं नाही तरी हे करा. पुरणाचा एक आणि कणकेचा एक, लिंबाएवढे दोन गोळे पोळपाटावर शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही हातांच्या तर्जन्या एकाच वेळी दोन्ही गोळ्यांवर ठेवून सारखाच दाब द्या. दोन्ही गोळे सारखेच दबले पाहिजेत. पुरणाच्या गोळ्याच्या कडा फाटल्या आणि कणकेचा सहज चपटा झाला तर पुरण कोरडं आहे. पुरण बोटाला चिकटून आलं आणि कणकेवर नुसता ठसा उमटला तर कणीक घट्ट आहे, किंवा पुरण सैल. तो निवाडा सातव्या आणि आठव्या तपासणीत होईल. फरक राहिलाच तर कणीक किंचित मऊ असलेली चालते. पुरण जास्त मऊ असलेलं मात्र नाही.

पहिली पोळी लाटायच्या आधी ही तपासणी केली तर पुढचा अर्धा त्रास वाचतो.

५. उंडा

३५ ग्रॅम भिजवलेल्या कणकेला ७० ग्रॅम पुरण, म्हणजे एकास दोन, हे प्रमाण सवय नसलेल्या हातालाही जमतं. विदर्भात पुरण याहून कितीतरी जास्त भरतात, पण ती पोळी लहान आणि जाड ठेवतात, लाटतात थोडीच. एकास तीन पुरण भरून ती पातळ लाटायला जाल तर फुटणारच. सवय होईपर्यंत वजनकाट्यावर पहिले दोन-तीन गोळे तोलून घ्या. नंतर डोळा बसतो.

पारी कडेला पातळ आणि मध्ये जाड ठेवा. कडा एकत्र येऊन गाठ होते तेव्हा तिथे कणीक तिप्पट होते, म्हणून कडा आधीच पातळ हवी. गाठीची जास्तीची कणीक चिमटून काढून टाका. बंद करताना अंगठ्याने पुरण आत दाबत दाबत पारी वर आणा, म्हणजे हवा बाहेर जाते. पारीच्या कडेला पुरण किंवा तेल लागलं असेल तर गाठ धरत नाही, लाटताना उघडते. बोटं पुसून मग बंद करा. उंडा पाच मिनिटं झाकून ठेवून मग लाटला तर पारी सैलावते. एकदम दहा उंडे करून ठेवू नका, पुरणाचा ओलावा पारीत उतरतो. तीन-चारच्या खेपा बऱ्या.

६. कण

चमचाभर पुरण ताटलीत घेऊन अंगठ्याने पसरा आणि उजेडात बघा. कण दिसला किंवा बोटाला लागला तर तो पारी फोडणार, कारण डाळीचा अर्धा दाणाही पातळ पारीपेक्षा जाड असतो. सगळं पुरण बारीक चाळणीतून किंवा पुरणयंत्राच्या सर्वात बारीक जाळीतून पुन्हा काढा. पुरण गरम असताना हे काम भरभर होतं. गार झालेलं पुरण यंत्रात अडकतं, हँडल फिरवून हात दुखतो आणि शेवटी माणूस कंटाळून अर्धं तसंच सोडतो. गार झालं असेल तर आधी मंद आचेवर कोमट करा.

मिक्सर वापरत असाल तर डाळ गूळ घालण्याआधीच, कट (डाळ शिजवलेलं पाणी) पूर्ण निथळून, थांबत थांबत फिरवा. पाणी घालायचं नाही. सलग फिरवली की ती चिकट लगद्यासारखी होते आणि तिचं पुरण मोकळं होत नाही. पाटा-वरवंट्याचं पुरण सर्वात मऊ होतं यात शंका नाही, पण चांगलं पुरणयंत्र त्याच्या जवळ जातं.

७. कणीक

पुरणपोळीची कणीक चपातीच्या कणकेपेक्षा स्पष्टपणे सैल असते. चपातीचीच कणीक वापरणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. खात्री करायची तर लिंबाएवढा गोळा घ्या, तेलाचा हात लावा आणि दोन्ही हातांनी हळूहळू ताणा. बोटं पलीकडून अंधुक दिसेपर्यंत ताणली जाऊन मग तुटली तर ठीक. आधीच तुटली तर तीन शक्यता आहेत.

एक, कोंडा जाड आहे. कोंड्याचा प्रत्येक कण कणकेतला चिकटपणा तिथल्या तिथे कापतो. मैद्याच्या चाळणीने किंवा पातळ कापडातून कणीक चाळून घ्या. गिरणीतून आणलेलं गरम पीठ लगेच भिजवू नका, पूर्ण गार होऊ द्या.

दोन, पाणी कमी पडलंय. हाताला पाणी लावून, एका वेळी चहाचा एक चमचा, असं कणकेत मुरवत जा. शेवटी तेलाचा हात लावून ५ ते ७ मिनिटं तिंबा. परातीवर आपटून तिंबली तर आणखी चांगली, तार लवकर सुटते.

तीन, विश्रांती नाही. भिजवून झाकून निदान एक तास, दोन असले तर उत्तम. कणकेतला चिवटपणा ताणल्यावर परत न येण्याइतका सैल व्हायला तेवढा वेळ लागतोच; त्याला दुसरा उपाय नाही. वरून तेलाचा पातळ थर द्या म्हणजे साय धरत नाही.

कणीक फार सैल झाली असेल तर कोरडं पीठ लावून लगेच लाटू नका. दोन चमचे कोरडी कणीक घालून मळा आणि पुन्हा अर्धा तास झाका. आणि मैद्याचं प्रमाण वाढवत नेणं हा उपाय नाही: मैदा जास्त झाला की पोळी फुटत नाही हे खरं, पण गार झाल्यावर चामट होते. चौथा हिस्सा पुरतो. परदेशात ब्रेडसाठी विकला जाणारा जोरकस मैदा घेऊ नका, तो रबरासारखा मागे ओढतो. साधा मैदा घ्या.

८. पुरण सैल किंवा कोरडं

इथून पुढे वेळ जातो. ‘उलथनं उभं राहिलं की पुरण झालं’ ही खूण किलोभर डाळीच्या पुरणाला बरोबर आहे, कारण कढईत थर जाड असतो. पाव किलोच्या पुरणात उलथनं उभं राहायला खोलीच नसते, आणि ते उभं राहायची वाट बघत पुरण कोरडं केलं जातं. थोड्या पुरणासाठी ही खूण वापरा: चमचाभर पुरण ताटलीत काढा, दोन मिनिटं गार होऊ द्या, त्याची गोळी वळा. तळहाताला न चिकटता, भेगा न पडता वळली की आच बंद. कढईत ते हवं त्यापेक्षा किंचित सैलच दिसलं पाहिजे, कारण गार होताना ते आळतं.

सैल पुरण: रुंद, जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर परत आटवा. सतत ढवळा, ५ ते ७ मिनिटं पुरतात. थोडंसंच सैल असेल तर ताटात पातळ पसरून पंख्याखाली वीस मिनिटं ठेवा, मग मळा. वेळच नसेल तर भाजकं डाळं मिक्सरला बारीक करून एक-दोन चमचे मिसळा. कच्चं बेसन घालू नका, त्याचा कच्चट वास पोळी भाजूनही जात नाही.

कोरडं पुरण: चमचाभर तूप आणि एक-दोन चमचे गरम दूध शिंपडून मळा, दहा मिनिटं झाकून ठेवा. दूध घातलेलं पुरण त्याच दिवशी संपवायचं; टिकवायचं असेल तर दुधाऐवजी गरम पाणी किंवा कट.

आटवताना पुरण उडतं, आणि गुळामुळे ते त्वचेला चिकटून बसतं. लांब दांड्याचं उलथनं घ्या, बाहीचे कपडे घाला, लहान मुलांना ओट्यापासून दूर ठेवा.

९. गूळ

चिक्कीचा गूळ पुरणाला घेऊ नका. तो गार झाल्यावर ताठर होतो आणि पुरण पसरत नाही. साधा, नखाने खरवडला जाणारा गूळ घ्या आणि बारीक चिरून घाला, म्हणजे खडे राहत नाहीत. दमट हवेत गुळाला पाणी सुटलेलं असतं, तेव्हा आटवायला पाच-सात मिनिटं जास्त धरा. डाळीच्या वजनापेक्षा गूळ जास्त घातला की पुरण पाकासारखं सैल राहतं आणि तव्यावर लवकर जळतं. ज्यांना गोड जास्त हवं त्यांनी वरून गुळवणी घ्यावी, ती त्यासाठीच असते.

१०. डाळ आणि पाणी

सर्वात शेवटचं आणि सर्वात महागाचं कारण. शिजलेल्या डाळीचा दाणा दोन बोटांत चिरडा: मध्ये पांढरा, खरखरीत ठिपका राहिला तर डाळ कच्ची आहे. गूळ घातला नसेल तर काही बिघडलेलं नाही, पुन्हा शिजवा. गूळ घातल्यावर मात्र ती नीट मऊ होत नाही. गुळातला आंबटपणा आणि कॅल्शियम डाळीच्या दाण्याला बांधून ठेवतात. कितीही वेळ आटवा, कण तसाच राहतो. अशा वेळी पुरण दोन-तीनदा चाळून जेवढं सुटेल तेवढं घ्यायचं, किंवा नव्या डाळीपासून सुरुवात करायची.

कच्ची राहायची मुख्य कारणं दोन. जुनी डाळ, आणि जड पाणी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम जास्त असतं, त्यात हरभऱ्याची डाळ तासन्‌तास दडदडीत राहते. भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी घ्या. दोन-तीन तास भिजवून, तिप्पट पाणी, चमचाभर तेल, चिमूटभर हळद, कुकरला ५-६ शिट्ट्या आणि मग मंद आचेवर दहा मिनिटं. सोडा घालून घाई करू नका. डाळ मऊ होते, पण पुरणाचा रंग काळपट होतो आणि चवीला साबणाची छटा येते.

शिजलेली डाळ चाळणीत पंधरा-वीस मिनिटं निथळत ठेवा. कट आमटीसाठी लागतोच. पण घाईने अर्धवट निथळलेली डाळ हेच सैल पुरणाचं मूळ असतं, तेव्हा इथे वाचवलेली दहा मिनिटं पुढे कढईत वीस होऊन परत येतात.

थांबायचं कधी, आणि कुणाला बोलवायचं

पुरणाला आंबूस वास आला, बुडबुडे दिसले किंवा तार सुटली तर ते टाकून द्या. पुन्हा उकळून ते दुरुस्त होत नाही. होळीच्या सुमाराला ऊन वाढलेलं असतं. सकाळचं पुरण संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये ते दोन-तीन दिवस चांगलं राहतं.

कुकर निम्म्याच्या वर भरू नका. हरभऱ्याच्या डाळीचा फेस शिट्टीच्या नळीत जाऊन ती बंद होऊ शकते. दर वेळी नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. शिट्टी होत नसेल आणि झाकणाच्या कडेने वाफ येत असेल तर आच बंद करा, आपोआप गार होऊ द्या, झाकण जोर लावून उघडू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर तो घरी जुळवू नका. कुकर दुरुस्तीवाल्याकडून त्याच कंपनीचा नवा बसवून घ्या.

ज्योत पिवळी येते आणि तव्याचं बूड काळं होतं, बर्नर साफ करूनही तसंच, तर शेगडीवाल्याला बोलवा. अशा आचेवर तव्याचा ताप कधीच सारखा राहणार नाही. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचं कुठलंही बटण दाबायचं नाही आणि घराबाहेर जाऊन १९०६ वर फोन करायचा. तो गॅसगळतीसाठीचाच क्रमांक आहे.

गरम पुरणाचा चटका बसला तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. तूप, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. फोड मोठा असेल, किंवा चेहऱ्यावर, डोळ्याजवळ भाजलं असेल तर डॉक्टरकडे जा.

आणि पोळ्यांचंच म्हणाल तर: पुरण आणि कणीक दोन्ही एकेकदा दुरुस्त करूनही सलग तीन उंडे फुटले, तर त्या दिवशी लाटणं थांबवा. नैवेद्याच्या पानात पुरणाची मूद आणि वर तुपाची धार चालते. उरलेल्या पुरणाचे कडबू करा: पारी छोटी आणि जाडसर, कडा दाबून बंद, मध्यम आचेवर तळलेले. किंवा नागपंचमीला करतात तशी दिंडं उकडा. तळण्या-उकडण्यात पातळ लाटायचा प्रश्नच येत नाही, तेच पुरण आणि तीच कणीक कामी येते.

पंधरा-वीस माणसांचं जेवण असेल आणि हात बसलेला नसेल तर पोळ्या करून देणाऱ्या बाईंना आठवडाभर आधी सांगून ठेवा. सणाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे कामाला जागा नसते. पुण्या-मुंबईत सणाच्या सुमारास तयार पुरण किलोवरही मिळतं, तेव्हा फक्त लाटायचं काम उरतं. घेताना ते कधी शिजवलं ते विचारा आणि कण आहे का ते बोटाने बघा. पोळ्याच आणत असाल तर पूर्ण गार झाल्यावर बांधायला सांगा. गरम बांधल्या की वाफ धरते, खालच्या पोळ्या एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना फाटतात.